एकशे पंचवीस नंबरचा आत्मा

संध्याकाळचे पाच वाजत आले की मास्तरांच्या क्लासच्या खोलीत मुंगीलाही शिरायला जागा उरत नसे. खुर्च्या शेजाऱ्यांच्या, चपला जिन्यापर्यंत आणि सगळ्यांच्या नजरा एका कीबोर्डवर. तो आपोआप वाजायचा. मास्तर जाऊन चार महिने झाले होते, पण वाजवणं त्यांनी सोडलं नव्हतं. हयातीत ज्यांनी क्लासच्या आवाजाबद्दल तक्रारी केल्या, तेच शेजारी आता पुढच्या रांगेसाठी भांडत होते. माणूस गेला की त्याची कला सुधारते, हे मी पूर्वीही पाहिलेलं आहे.

हा चमत्कार घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे नादबाबा. कीबोर्डशेजारी जाडजूड गादीवर ते डोळे मिटून बसत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला मास्तरांच्या हातची पाटी होती : ‘चूक करा, पण तीच चूक दोनदा करू नका.’ मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, प्रश्न विचारायचा. कीबोर्ड वाजला तर होकार, गप्प राहिला तर नकार. या न्यायाने माझ्या घरची इस्त्री मला गेली दोन वर्षं नकार देते आहे.

“बाबा, पट्ट्या तर खाली जात नाहीत,” समोरच्या शिंप्याने पहिल्याच दिवशी शंका काढली होती.

“आत्म्याला वजन नसतं,” बाबा म्हणाले.

शिंप्याने मान डोलावली. दिवसभर लोकांची मापं घेणारा माणूस, पण हे माप त्याने न घेताच मान्य केलं. वादन मध्येच एकदा थांबायचं आणि मग पुढे जायचं. “तिथे आत्मा श्वास घेतो,” असा खुलासा बाबांनी केला. ज्याला वजन नाही त्याला फुप्फुसं कुठून आली, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मी कीबोर्ड दुरुस्त करतो. हे सगळं कानावर येत होतं आणि मी हसून सोडून देत होतो. मग एके दिवशी मास्तरांची मुलगी दुकानात आली.

“दादा, आईने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. आज नऊ दिवस झाले.”

“का?”

“गोळ्या चालू ठेवू का, असं तिने नादबाबांसमोर विचारलं. कीबोर्ड गप्प राहिला.”

“आणि डॉक्टर काय म्हणतात?”

“असंच चाललं तर झटका येईल म्हणतात. आई म्हणते, डॉक्टरांपेक्षा ह्यांना माझं जास्त कळतं. काल जिना चढताना तिला चक्कर आली. मी सांगून सांगून थकले.”

मला राग आला. बाबांचा तर आलाच, पण इतके दिवस लांबून हसत बसलेल्या माझाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ पुसायच्या निमित्ताने मी त्या खोलीत गेलो. कीबोर्डच्या पाठीवर पांघरलेली शाल उचलली तर तिच्याखाली एक पेन ड्राइव्ह खोचलेला. त्याच्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर अक्षर चक्क माझं. पायाने दाबायच्या पेडलची वायर सतरंजीखालून थेट बाबांच्या गादीत गेली होती.

अक्षर माझं असण्याचं कारण साधं होतं. मास्तर विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आपलं वादन कॉम्प्युटरवर मिडी फाइल करून ठेवत. कॉम्प्युटर डाव्या आणि उजव्या हाताचे वेगळे कप्पे करायचा, आणि त्यांचा जुना कीबोर्ड सगळं एकाच कप्प्यात असेल तरच वाचायचा. म्हणून दर वेळी ते माझ्याकडे येत आणि मी फाइल बदलून देत असे. पुढे काकूंनी मास्तरांच्या वस्तू बाबांना ‘शुद्ध’ करायला दिल्या, त्यात हा पेन ड्राइव्हही गेला. बाबा पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत. ही माहिती त्यांच्या चरित्रात नव्हती, पण त्यांचा कीबोर्ड मीच दोनदा दुरुस्त केला होता.

मी पेन ड्राइव्ह दुकानात नेला, मूळ फाइल बाजूला राखून ठेवली, तिच्या नकलेतला एक आकडा बदलला आणि ती नक्कल त्याच नावाने परत नेऊन खोचली.

संध्याकाळी खोली भरली. “विचारा माई,” बाबा म्हणाले. “आज वरचा संपर्क अगदी थेट आहे.”

काकू भिंतीला धरून पुढे आल्या. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “गोळ्या सोडल्या ते बरोबर केलं ना मी?”

बाबांचा गुडघा किंचित हलला, आणि खोलीत टेलिफोन खणखणला.

सगळ्यांचे हात खिशाकडे गेले. शिंप्याने तर फोन कानाला लावून “बोला” असंही म्हटलं. मग लक्षात आलं की वाजतेय ती मास्तरांचीच आवडती चाल, पण टेलिफोनच्या घंटीत. बाबांनी पेडल दाबलं, घंटी थांबली. घाबरून पुन्हा दाबलं, घंटी पहिल्यापासून सुरू झाली.

“संपर्क थेट आहे बाबा,” मी म्हणालो. “उचला की.”

“दुष्ट शक्ती शिरली आहे इथे.”

“शिरली होती. सकाळी साडेनऊला. ती मीच.”

मी शाल काढली, गादीचा कोपरा उचलून पेडल सगळ्यांना दाखवलं. “या फाइलमध्ये आवाज नसतोच,” मी सांगितलं. “कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढी यादी असते. ती वाचून कीबोर्ड स्वतः वाजतो, म्हणून पट्ट्या हलत नाहीत. वाद्य कोणतं, तेही आकड्याने लिहितात. एक म्हणजे पियानो, एकशे पंचवीस म्हणजे टेलिफोनची घंटी. मी एकाच्या जागी एकशे पंचवीस केलं. आत्म्याने हरकत घेतली नाही.”

कोणी हसलं नाही, कारण काकू रडत होत्या.

“पण हात त्यांचाच आहे,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं ऐकलाय मी.”

“हात त्यांचाच आहे, काकू. फक्त गेल्या वर्षीचा आहे.”

“मग मूळची लाव.”

मी खिशातून दुसरा पेन ड्राइव्ह काढून मूळची लावली. चाल सुरू झाली, मध्ये थांबली, आणि पुढच्याच सुरावर बोट घसरलं. काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. तिथेच थांबली, तिथेच बोट घसरलं. तिसऱ्यांदाही तेच.

“तिथे त्यांनी चष्मा वर सरकवला असणार,” काकू म्हणाल्या. त्यांनी पाटीकडे बघितलं. “एक चूक दोनदा करायचे नाहीत ते. हे रोज करतंय. हे ते नव्हेत.”

बाबा मधल्या वेळात अंतर्धान पावले होते. शिंप्याच्या नव्या चपलाही त्यांच्याबरोबर अंतर्धान पावल्या.

लोक उठू लागले तेव्हा मी एवढंच म्हणालो, “यंत्राचं नवल वाटलं तर वाटू द्या, त्यात लाज नाही. पण औषधपाण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवण्याआधी गादी उचलून बघत जा. शंका शिंप्याला पहिल्याच दिवशी आली होती. ती त्याने धरून ठेवली असती, तर काकूंच्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकल्या नसत्या.” शिंपी अनवाणी पायांकडे बघत उभा होता.

मुलीने पाणी आणलं. काकूंनी गोळी घेतली, तोंड पुसलं आणि कीबोर्डसमोरची खुर्ची ओढून बसल्या.

“आता पुन्हा लाव,” त्या मला म्हणाल्या. “विचारायचं काही नाही. नुसतं ऐकायचंय.”