निंगव्वाच्या घाण्याचं तेल

मित्रांनो, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तेलाच्या घाण्याशेजारी पत्र्याची एक छपरी आहे. तिच्यात पेंडीच्या पोत्यांआड जी काळी मोटार उभी दिसते ना, ती मी. आता म्हातारी झाले आहे. टपाचं कापड फाटलंय, एका दिव्यात चिमणीने संसार मांडलाय. पण म्हणून नाक मुरडू नका हं! एके काळी मी पेठेतून निघाले की माणसं हातातलं काम टाकून ओट्यावर यायची.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीने मुंबईला उतरले, तिथून मालगाडीत बसून सोलापूरला आले. घाण्याचे मालक पंचाक्षरी यांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांची आई निंगव्वा आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. नवरा अकाली गेल्यावर या बाईने एकटीने घाणा चालवला आणि लेकाला वाढवलं. सगळी पेठ तिला अव्वा म्हणायची, म्हणजे कानडीत आई. तिने माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि म्हणाली, "ये गं बाई. हे घर तुजंच हाय."

कारखान्यात मला नुसता नंबर होता. बाई म्हणून हाक मारणारी ही पहिलीच.

आता माझ्या खाण्यापिण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. मोटार जगते ती वंगणावर, आणि माझ्या अंगात वंगणं तीन तऱ्हेची लागतात. इंजिनाला पातळ तेल. गेअरच्या पेटीत लोखंडी दातेरी चाकं एकमेकांत फिरतात, त्यांना काकवीसारखं दाट तेल. आणि खालच्या सांगाड्याला धक्के सोसणाऱ्या कमानी जिथे जोडलेल्या असतात, त्या सांध्यांना ग्रीस. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. मोटारीच्या दुकानातल्या माणसाने हे ड्रायव्हर धोंडीरामला समजावलं आणि तीन डबे ठेवून तो गेला. धोंडीराम परवापर्यंत टांगा हाकणारा. त्याने मान डोलावली, पण निम्मं त्याच्या डोक्यावरूनच गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी अव्वा डबे बघायला आली. दोन डब्यांवर बैलाचं तोंड छापलेलं होतं. अव्वा लिंगायत घरची, गळ्यात लिंग, बैल म्हणजे तिचा बसवण्णा. तिने ग्रीसच्या डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"धोंडीराम, ह्यात काय हाय?"

"अव्वा, ग्रीसात चरबी घालत्यात म्हणं."

"आन् ह्या दुसऱ्यात?"

धोंडीरामने डोकं खाजवलं. "ते गेअरचं. त्यात काय असतंय ठावं न्हाय. चित्र तर तेच हाय की!"

"शिवशिवा! माज्या दारात बसवण्णाची चरबी? उचल आदी हितनं!"

दोन्ही डबे घराबाहेर गेले. इंजिनाच्या तेलाच्या डब्यावर चित्र नव्हतं, तो तेवढा वाचला. मोटारीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं हो! कोणी जाऊन एक शब्द विचारला असता तर! पण आईच्या शब्दापुढे पंचाक्षरींचं काही चालायचं नाही, आणि धोंडीरामला आपलं अज्ञान उघडं करायची लाज वाटली.

त्या दिवसापासून अव्वाने माझं वंगण आपल्या हाती घेतलं. दर सोमवारी पूजा आटोपली की ती तांब्या भरून करडईचं तेल आणायची, स्वतःच्या घाण्याचं, नितळ, सोन्यासारखं. गेअरच्या पेटीत तेच, कमानींच्या सांध्यांतही तेच. "ज्या तेलावर माजा ल्योक वाढला ते हिला सोसंना व्हय?" असं म्हणून माझ्या पत्र्यावरून हात फिरवायची. खरं सांगते, तेल कसलंही असो, तो हात मला हवासा वाटायचा.

पहिल्या वर्षी अव्वा मला घेऊन मंद्रूपला गेली. तिथे तिची धाकटी बहीण सुंदरम्मा राहायची. आई लहानपणीच गेल्यामुळे अव्वानेच तिला कडेवर वाढवलेलं. सुंदरम्मा मला लांबूनच बघत उभी राहिली. मग धीर करून पुढे आली, भोंग्याचा रबरी फुगा दाबला आणि त्या आवाजाने स्वतःच दचकून पोट धरून हसली.

"अक्का, मला बी एकदा ह्यात बसवून सोलापूर दाव की."

"दावीन की गं. सुगी तर होऊ दे."

सुगी झाली. मग घाण्यावर गर्दी होती, मग पुढची सुगी आली. सुंदरम्माचं मोटारीत बसणं असं लांबतच गेलं.

इकडे माझ्या पोटात भलतंच चाललं होतं. करडईचं तेल खायला कितीही गुणाचं असलं तरी ते हवेला वाळतं आणि चिकटा धरतं. घाण्याच्या कडेला साचलेला तसला चिकटा पंचाक्षरी दर दिवाळीला पत्र्याने खरवडून काढायचे. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना! तेलाच्या व्यापाऱ्याच्या मनात कधी आलं नाही की मोटारीतही तेच होत असेल. माझे गेअर लाखेत बसवल्यासारखे जड झाले. सांध्यांत रस्त्याचा फुफाटा चिकटून कमानी करकरायला लागल्या.

"अव्वा, गेअरचा दांडा लई जड झालाय," धोंडीराम म्हणायचा.

"मग आनकी तेल घाल. तेलाला काय तोटा हाय आपल्याकडं?"

आणि आणखी तेल यायचं. अव्वा, पुरे, असं मला ओरडावंसं वाटायचं. पण देवाने मला भोंगा दिला, जीभ नाही दिली.

एका हिवाळ्यात सकाळीच मंद्रूपहून निरोप आला. सुंदरम्माची छाती भरली होती, श्वास पुरत नव्हता. तिथल्या वैद्याने सांगितलं होतं की आजच्या आज सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या, म्हणजे वाचेल. पंचाक्षरी करडई खरेदीला बार्शीला गेलेले. शेजारचे म्हणाले, "अव्वा, छकडा जोडून देतो."

"दारात मोटार असताना छकडा कशाला? म्होरं कुनालातरी सायकलीवर धाडा. म्हनावं, तयार ऱ्हा, मोटार येतीया."

अव्वाला घेऊन मी निघाले. जीव तोडून धावले. वाटेतल्या सीना नदीच्या पात्रात उतरले, पाणी ओलांडलं. पलीकडे वाळूचा चढ होता, तिथे खालचा गेअर लागतो. धोंडीरामने दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. त्या चिकट्यातून दातेरी चाक अर्धवट सरकलं, आणि माझ्या पोटात कडकन आवाज झाला. दात तुटले होते. मी वाळूत जागच्या जागी थांबले.

अव्वा खाली उतरली. "धोंडीराम, चालव की! अरं, माजी तंगी वाट बघतीया!" तंगी म्हणजे धाकटी बहीण. धोंडीराम रडकुंडीला आला. अव्वाने पदर खोचला आणि ती म्हातारी बाई मागून मला ढकलायला लागली. तिचे तळवे मला पाठीवर कळत होते. मित्रांनो, मी तसूभरही हलू शकले नाही.

दिवस बराच वर आल्यावर कल्लप्पा नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी आली. अव्वा तिच्यात चढून बसली. आसाला एरंडेलाचं वंगण घातलेली ती साधी गाडी बघता बघता चढ चढून दिसेनाशी झाली. सकाळी शेजाऱ्यांचा छकडा घेतला असता तर अव्वा एव्हाना मंद्रूपला पोचलीही असती.

मला बैल लावून घरी आणलं. काही दिवसांनी अव्वा परतली आणि माझ्याजवळ बसून लेकाशी बोलली, म्हणून पुढचं मला कळलं.

"ठेवनीतलं इरकल नेसून कट्ट्यावर बसली हुती म्हनं रे. घरच्यांनी आत चल म्हटलं तरी उठंना. सारखं एकच, 'भोंगा वाजला का गं? बगा की, अक्काची मोटार आली आसंल.' दुपारपातुर इचारत हुती. मी पोचले तवा दिवस कलला हुता, आन् ती कवाच गेली हुती."

एवढं बोलून अव्वाने पदर डोळ्यांना लावला.

मला दुरुस्त करायला चन्नवीर मिस्त्री आला. त्यानेही गळ्यात लिंग बांधलेलं. गेअरची पेटी उघडून त्याने आतला पिवळा चिकटा बोटावर घेतला. "अव्वा, हे काय घातलंय?"

"घरचं तेल. चांगलं, घान्याचं."

"वाळतंय की ते!"

"मग काय बैलाची चरबी घालायची हुती?"

"गेअरच्या तेलात कुटली चरबी? ते जमिनीतलं तेल, रॉकेलच्या जातीचं. बैल नुसता छाप हाय. ग्रीसाचं तुमचं खरं, पर सांध्यांना एरंडेल चाललं असतं, बैलगाडीला घालतो तसं. थोडं थोडं, वरचेवर."

अव्वा पोत्यावर बसली. म्हणाली, "म्हंजे माजा नेम बी ऱ्हायला असता, आन् माजी तंगी बी."

माझे गेअर नवे बसले, तेलही योग्य आलं. सोमवारचा करडईचा तांब्या बंद झाला. अव्वा धोंडीरामला आधी विचारायची, "हिला काय पायजे?" आणि मगच हात लावायची. मी बरी झाल्यावर तिने मला पहिल्यांदा मंद्रूपलाच नेलं. सुंदरम्माच्या दारात थांबवलं आणि स्वतःच्या हाताने भोंगा वाजवला. कट्टा रिकामा होता. परत येताना अव्वाने आपल्या शेजारची जागा हाताने झटकली आणि वाटेत कोणालाही तिथे बसू दिलं नाही.

आता अव्वाही नाही. मी छपरीत उभी आहे, आणि माझ्या मनातून ती सकाळ जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरात यंत्र असेल, जनावर असेल, म्हातारं माणूस असेल. ते कुरकुरलं तर आपल्याजवळचं चांगलंचुंगलं ओतायच्या आधी त्याला काय चालतं ते विचारा. त्याला बोलता येत नसेल तर जाणत्याला विचारा. लाजू नका. आणि कोणाला मोटारीत बसवायचं कबूल केलं असेल, तर सुगीची वाट बघू नका. आजच बसवा.