तांब्याच्या पायऱ्या

शुक्रवारी दुपारी ज्ञानेशनं सामान आवरलं तेव्हा चित्रानं स्क्रीनवरून मान वर केली नाही. सामान म्हणजे पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर आणि खुर्चीच्या पाठीला कायम लटकलेला राखाडी स्वेटर. परभणीहून आलेला, दापोडीत दोघातिघांत खोली करून राहणारा हा पोरगा भोसरीतल्या त्यांच्या छोट्या डिझाइन कंपनीत जेमतेम वर्षभर टिकला. मालक सुरेंद्रसरांनी त्याला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. त्यानं थरांचा क्रम बदललेला सर्किट बोर्ड चाकणच्या गिऱ्हाईक कंपनीच्या चाचणीत नापास झाला होता.

चित्राला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि महिनोन्‌महिने तिच्या अंगातलं त्राण त्या बोर्डानंच खाल्लं होतं.

बोर्ड सहा थरांचा. प्रत्येक थरावर तांब्याच्या रेषा, सगळे एकावर एक दाबून चिकटवलेले. कोण कुणाच्या शेजारी बसणार हे ठरवणं म्हणजे चित्राचं काम, आणि तिचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला: वरचे दोन थर सिग्नलचे, तिसरा ग्राउंडचा, म्हणजे सिग्नल अडवणारा सलग तांब्याचा. ज्ञानेश आला आणि म्हणाला, गाड्यांच्या चार्जरचा हा बोर्ड फार वेगवान आहे. दोन सिग्नल शेजारी ठेवले तर मध्ये भिंत नसलेल्या खोल्यांसारखं एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाईल. ग्राउंड मध्ये, दोन नंबरला आणू. चित्रानं नाक मुरडलं. इतकी वर्षं आम्ही काय गवत उपटत होतो का, असंही म्हणाली. सुरेंद्रसरांनी मात्र नव्या पोराचं ऐकलं आणि फाइल तपासायला चित्राकडे दिली. तिनं ती तपासली, म्हणजे चाळली. करू दे मनासारखं, आपटेल तेव्हा कळेल, असं मनातल्या मनात म्हणत पुढे पाठवली. आणि तो आपटला.

आता चाकणवाल्यांनी शेवटची संधी दिली होती आणि सरांनी जुना क्रम परत लावायला सांगितलं होतं. ज्ञानेश जिना उतरून गेला तशी चित्रानं त्याची फाइल उघडली. यादीत ग्राउंडचा थर दुसरा होता, त्याच्या म्हणण्याप्रमाणे. तिनं तो एकटाच पडद्यावर घेतला. कोपऱ्यात तांब्याचा आकडा होता तीन.

ही पद्धत चित्राचीच. प्रत्येक थराच्या कोपऱ्यात त्याचा आकडा आणि कडेला एक बारीक पट्टी, दर थराला थोडी पुढे सरकवलेली. तयार बोर्ड कडेनं पाहिला की पट्ट्यांचा उतरता जिना दिसतो. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला तिनं मागे ठणकावून सांगितलं होतं की कागदावरची यादी आणि थरावरचा आकडा जुळले नाहीत तर आकडा खरा धरायचा. ज्ञानेशनं यादीत थर हलवले. थरांवर चिकटलेले आकडे आणि पट्ट्या जुन्याच राहिल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जिला माहीत होतं तिनं बघितलं नाही.

तिनं चाकणहून परत आलेला नापास बोर्ड खणातून काढला, खिडकीशी नेला आणि कडेवर भिंग धरलं. त्याच्या क्रमानं बनला असता तर जिना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीशी मोडलेला दिसला असता. जिना सरळ होता, एकही पायरी चुकलेली नव्हती. असा जिना बघून एरवी तिला बरं वाटायचं. आज तिनं पायऱ्या पुन्हा एकदा मोजल्या. कारखान्याला फोन लावला तर तिथला माणूस अगदी अदबीनं म्हणाला की मॅडम, तुमचाच नियम, थर आकड्यांप्रमाणेच लावलेत.

म्हणजे ज्ञानेशचा बोर्ड कधी बनलाच नव्हता. चाकणला पडला तो तिचा.

ती परत जागेवर आली. आकडे गुपचूप बदलून त्याचाच क्रम आपल्या नावावर पाठवला असता तर बोर्ड पास झाला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं सांभाळायची ताकद नव्हती म्हणून आपण तसं केलं नाही, असं ती पुढे सांगायची. त्यात काही तथ्य नाही. तिला तो रिकाम्या खुर्चीवरचा स्वेटर दिसत होता, नसलेला.

ती केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं.

सुरेंद्रसरांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला. "तू तपासलं होतंस ना?"

"नाही सर. चाळलं होतं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागवायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. पोराला परत बोलव, फोन तूच कर, एवढंच म्हणाले.

ज्ञानेश बसमध्ये होता. चित्रानं तोंड उघडायच्या आतच तो बोलायला लागला. "ताई, जुना क्रम सापडंना का? मी तो मोडला नाई. तुम्हाला लागंल म्हणून वेगळा जपून ठेवलाय, तुमच्याच नावाच्या फोल्डरात."

चित्रानं फोन दुसऱ्या कानाला लावला. बसमधला कंडक्टर पुढे सरका म्हणून ओरडत होता.

"तो नको," ती म्हणाली. "तो पडलाय. तुझा लावायचाय. सोमवारी ये, आकडे आपण दोघं मिळून बदलू."