मॉरिसच्या दिव्यांना कल्हई

"अगं, जोर लाव की! वाटी घासतीयस का गालावरनं हात फिरवतीयस?"

साळूबाईने मान वर केली नाही. तिच्या मांडीवर मॉरिस गाडीच्या डाव्या दिव्याची आतली, उजेड पुढे फेकणारी वाटी होती, बोटांना चिंच लागली होती आणि पुढ्यात चाळलेली राख होती. घोडेगावात तिच्यासारखी पितळ कुणाची उजळत नाही, असा तिचा लौकिक होता. म्हणून सकाळी नवऱ्याने, गहिनीनाथने, गाडीचे दोन्ही दिवे खोलले, काचा बाजूला ठेवल्या आणि वाट्या तिच्यापुढे आणून टाकल्या, तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. त्या गाडीला आजवर त्याने तिला फडकंसुद्धा मारू दिलं नव्हतं.

उजवी वाटी घासून उन्हात ठेवली होती. ती बघून गहिनीनाथ "झ्याक!" म्हणाला होता. आता डावी अर्धी झाली आणि साळूबाईचा हात थांबला.

"आवं, हे काय व्हतंय बगा. माजी बोटं काळी झाली, अन् वाटी पिवळी पडाया लागली."

गहिनीनाथने वाटी घेतली, पार नाकापाशी नेली, मान तिरकी करून पाहिली. मग उन्हातली उचलली. तीही पिवळीधमक. हळदीचा करंडा म्हणून खपली असती. कारखानदाराने पितळेवर चांदीचा मुलामा दिला होता, आणि चिंच-राखेने तो साफ खाल्ला होता.

दुसरा कुणी असता तर त्याने हे खापर बायकोच्या डोक्यावर फोडलं असतं. गहिनीनाथच्याही ओठांवर काहीतरी आलं होतं. पण माणूस मुळात सरळ. तो मटकन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "चांदी गेली. तुजं काय न्हाई गं त्यात. माजीच अक्कल शेन खायला गेल्ती."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि त्यात अमावास्या. अशा दिवशी फाट्यावरून शिंगणापूरला शनीच्या दर्शनासाठी माणसांची रीघ लागे आणि उतारू नेणाऱ्या त्याच्या मॉरिसच्या शेवटच्या खेपा अंधारातच व्हायच्या. पण खेपा बुडतील याचं त्याला तेवढं दुःख नव्हतं. त्याला खुपत होतं ते वेगळंच.

आठवड्यापूर्वी दिवेलागणीला तो नगरहून येत होता. दुष्काळी कामावर खडी फोडून बाया रस्त्याच्या कडेने घरी निघाल्या होत्या. एकाएकी गाडीपुढे कुणीतरी किंचाळलं. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बनाबाई धुरळ्यात बसली होती आणि तिची पाटी चाकाखाली चपटी झाली होती. बनाबाई त्याच्याच आळीतली, अंगापिंडाने चांगली भरदार. उठून लुगडं झटकत ती म्हणाली, "गहिनीभाऊ, येवढी म्हशीयेवढी बाई दिसली न्हाई व्हय?"

बाया हसल्या. गहिनीनाथही हसला. पण घरी आल्यावर त्याला भाकरी गेली नाही. या रस्त्यावर आपल्या गाडीखाली कोंबडीचं पिल्लूही आलं नाही, हे तो चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगायचा. त्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला, की दिवे मंद झालेत. नगरहून नवे बल्ब आणले, वायरी बदलल्या. तरी दिवे मंदच. शेवटी उरल्या होत्या आतल्या वाट्या, आणि त्यांची ही गत झाली.

साळूबाईने हात धुतले. "आज बाजार हाय. हुसेनभाई लिंबाखाली भट्टी लावून बसला आसंल. पितळंला कल्हई करतोय, तर हिला का न्हाई व्हायची?"

"मोटारीला कल्हई? लोक त्वांडात श्यान घालतील!"

"घालू द्या. तुमी नुसतं तोंड वासून बसल्यानं दिवं लागनार हायती का?"

लोकांनी शेण घातलं नाही, पण बाजारातली निम्मी गर्दी लिंबाखाली जमली. हुसेनभाईने वाटी उलटीसुलटी केली, बुडाच्या भोकातून आभाळ पाहिलं.

"गहिनीभाऊ, ह्यात आमटी करणार का भाजी? खाली भोक हाय, सगळं गळंल."

"चेष्टा ऱ्हाऊ दे, हुसेनभाई. उद्या अमुशा हाय."

हुसेनभाईने भाता मारला. वाटी तापली, नवसागराचा पांढरा धूर उठला, आणि कथलाचा बोळा फिरला तशी पिवळी वाटी लखलखली. माणसांनी "आहा" केलं. तेवढ्यात टप्पकन आवाज झाला. बल्ब बसायची नळी वाटीला झाळून जोडलेली होती, ती झाळ आचेने वितळली आणि नळी निखाऱ्यांत पडली.

गहिनीनाथला वाटलं, आज कुणाचं तोंड पाहून उठलो होतो कुणास ठाऊक. मग आठवलं, साळूबाईचंच.

हुसेनभाईने चिमट्याने नळी काढली. "चूक माजी. भांड्याला कधी नळी असती का? माज्या ध्यानातच आलं नाही. बसा, झाळून देतो." त्याने नळी परत झाळली. दुसरी वाटी घेताना मात्र नळीभोवती ओल्या गोणपाटाची पट्टी गुंडाळली. ती नळी जागची हलली नाही.

सांजच्याला दिवे गाडीत बसले. गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीसमोर मॉरिस उभी राहिली. साळूबाई आयुष्यात पहिल्यांदा चाकामागे बसली आणि तिने बटण ओढलं. एक दिवा भिंतीवर पडला. ज्याची नळी पुन्हा झाळली होती तो दुसरा सरळ गोठ्यामागच्या लिंबाच्या शेंड्यावर, तिथला कावळा दचकून उडाला.

"ह्यो काय कावळ्याला वाट दावतोय व्हय?" साळूबाई गाडीच्या आतून हसली.

गहिनीनाथलाही हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्याने दिव्याच्या कडेखाली घातली, काढली, जाड केली, परत घातली. दिवा लिंबावरून गोठ्याच्या पत्र्यावर आला, पत्र्यावरून भिंतीवर, आणि शेवटी आपल्या जोडीदाराशेजारी मुकाट्याने उभा राहिला.

बाजार आटोपून हुसेनभाईही आपली कारागिरी बघायला आला होता. "काय उजेड हाय! लगीन लावा इथं."

गहिनीनाथ गाडीपाशी उभा राहून भिंतीकडे बघत होता. "मंदच हाय," तो म्हणाला.

"मंद? भाऊ, भिंतीवरच्या मुंग्या मोजून घे."

साळूबाई गाडीतून उतरली, त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "रांग चाललीया की मुंग्यांची. पार त्या खुट्यापातूर."

गहिनीनाथ दोन पावलं पुढे गेला. मग आणखी दोन. भिंत पांढरी होती, नुसती पांढरी, दुधावर साय धरावी तशी. नाक चुन्याला लागलं तेव्हा कुठे त्याला काळे ठिपके हललेले दिसले.

हुसेनभाईने पिशवी खांद्यावर टाकली. "नवी कल्हई हाय. मुरंल दोन-चार दिसांत," असं भिंतीकडे बघत म्हणाला आणि निघून गेला. कल्हई मुरत नसते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि या दोघांनाही.

साळूबाईने दिवे बंद केले. गहिनीनाथ गाडीच्या फुटबोर्डावर बसला.

"दिवं चांगलं हायती," ती हळूच म्हणाली.

"म्हाईती हाय."

"कदीपासनं?"

"बनाबाई पडली तवाच कळलं हुतं. पर दिवा खोलता येतो, त्याची वायर बदलता येती. डोळ्याचं काय करू? मला भ्या वाटतंय, साळू. गाडी सुटली तर लोकांनी मला काय म्हनून वळखायचं?"

साळूबाई त्याच्याजवळ बसली. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याने ते बोलून दाखवलं म्हणून बरंही वाटलं. "मोतीबिंदू हाय त्यो. नगरला काढत्यात. माज्या मावशीचा काढला, आता तांदळातला खडा येचती. तुमची चांदी म्या घालवली, तर कथलावर भागलंच की न्हाई?"

"अन् तवर?"

"तवर गोरक्ष हाय."

गोरक्ष तिचा धाकटा भाऊ. साखर कारखान्याचा ट्रक चालवायचा. यंदा पाण्याविना ऊस नाही, म्हणून घरीच होता. "दाजी, एकदा गाडी द्या," असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि गहिनीनाथ त्याला हॉर्नलाही बोट लावू द्यायचा नाही.

शनिवारी सकाळी गहिनीनाथने स्वतः किल्ली नेऊन त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्या गिअरला जरा लाडीगोडी लागते, पुलाच्या उताराला ब्रेक आधी दाब, असं सांगता सांगता तो अर्धा रस्ता गाडीबरोबर चालत गेला.

संध्याकाळी तो फाट्यावर उतारू गोळा करत उभा होता. साळूबाई त्याच्यासाठी डबा घेऊन आली होती. अंधार पडला होता. शिंगणापूरच्या बाजूने दोन उजेड निघाले. त्याच्या डोळ्यांना त्यांच्याभोवती मोठाली कडी दिसत होती, झेंडूच्या फुलांसारखी गच्च. रस्त्याच्या कडेने बाया कामावरून येत होत्या. साळूबाई म्हणाली, "बाया लांबूनच उजळून निघाल्या बगा. गोरक्षानं गाडी हळू केली." ते त्याला दिसलं नाही. पण इंजिनाचा आवाज उतरलेला त्याने ऐकला आणि त्याच्या छातीवरचा दगड बाजूला झाला.

इतकी वर्षं तो या दिव्यांच्या मागे बसला होता. ते समोरून कसे दिसतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"लई उजेड हाय की," एक उतारू म्हणाला. "कुनाची गाडी?"

"माजी," गहिनीनाथ म्हणाला. त्याने माणसांना मागे सरकवलं, टोपी नीट केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीला हात दाखवला.