सिस्टरांचा शब्द

"सिस्टर, तुम्हीच सांगा. गोदामाच्या आवारात खरंच पाणी साचतं का?"

कडकमामांनी हे विचारलं आणि शाळेच्या सभागृहातली कुजबुज थांबली. समोर टेबलामागे भूसंपादन अधिकारी बसले होते, त्यांच्या शेजारी दवाखान्याचे मोठे डॉक्टर. खाली मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून अख्खी गल्ली बसली होती. दवाखान्याला लागून असलेली ही गल्ली सरकारला हवी होती. तिथे बाळंतपणाचा नवा विभाग बांधायचा होता. ज्यांची हरकत असेल त्यांनी येऊन सांगावं, म्हणून ही सुनावणी ठेवलेली.

दवाखान्यातल्या सिस्टर नुकत्याच बोलून खाली बसल्या होत्या. त्या जे बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं. खाट रिकामी नाही म्हणून व्हरांड्यात, केर काढायच्या बादलीशेजारी, एक बाई बाळंत झाली होती. मूल वाचलं, बाई गेली. ते सांगताना सिस्टरांचा आवाज कापला होता आणि हरकत घ्यायला आलेल्या बायांनीसुद्धा डोळ्यांना पदर लावला होता.

त्यानंतर गल्लीतले निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, "दवाखाना नको असं म्हणणारा करंटाच. आणि लोकांच्या भल्यासाठी सरकारनं जागा मागितली तर द्यावी, हेही मला मान्य आहे. पण दवाखान्यामागचं ते गोदामाचं आवार सरकारचंच आहे की. किती वर्षं ओस पडलंय. घरचं अंगण मोकळं असताना शेजाऱ्याची ओसरी का मागायची?"

"त्या जागेत पाणी साचतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "तिथे इमारत होणार नाही."

तेव्हा मामांनी तो प्रश्न विचारला. डॉक्टरांना नाही, अधिकाऱ्यांना नाही, सिस्टरांना.

सिस्टर रोज त्या आवारातूनच कामावर जायच्या. कितीही पाऊस झाला तरी त्यांच्या चपला तिथे कधी पाण्यात बुडाल्या नव्हत्या. आणि ती जागा वरच्या कुणाला तरी आधीच कबूल झाली आहे, हेही त्यांच्या कानावर आलं होतं. डॉक्टरांनीच आडून सांगितलं होतं. त्याच बोलण्यात पुढे असंही म्हणाले होते, की नव्या विभागाला मेट्रन लागेल, आणि तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

"डॉक्टर म्हणतात ते बरोबरच असेल," सिस्टर म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली. "सिस्टर म्हणतात म्हटल्यावर झालं. माझी हरकत नाही, साहेब."

मामांनीच मान तुकवल्यावर बाकीच्यांचा जोर ओसरला. मास्तर एकटेच बराच वेळ बोलत राहिले, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

कडकमामा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारे इस्त्रीवाले. कपडे असे कडक करायचे, की लोक म्हणत, मामांकडून आलेला सदरा खुंटीला अडकवायला नको, कोपऱ्यात नुसता उभा करावा. स्वभावानं मात्र माणूस मऊसूत. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्या खोल्यांत मामी. सिस्टरांचे यजमान गेले तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यातून नुकती बाहेर पडलेली. रात्रपाळी आली की सिस्टर तिला मामींच्या ओट्यावर सोडायच्या. ती पोर तिथेच इस्त्रीच्या उबदार कपड्यांच्या ढिगात झोपायची, तिथेच अक्षरं गिरवायची. "ही माझी घडीची मुलगी," मामा गिऱ्हाइकांना सांगायचे. याबद्दल मामींनी कधी शब्दानं उपकार दाखवले नाहीत. सिस्टरांचे पांढरे गणवेश मात्र सगळ्यांत आधी इस्त्री होऊन यायचे.

घरं पाडायला यंत्र आलं त्या दिवशी सिस्टरांना सुट्टी घेता आली असती. त्यांनी घेतली नाही. वॉर्डाच्या त्या बाजूच्या खिडक्या त्यांनी धुळीचं निमित्त करून लावून घेतल्या. रोग्यांना धूळ चालत नाही, हे खरंच होतं. संध्याकाळी घरी जाताना गल्लीचं तोंड टाळून त्या लांबच्या रस्त्यानं गेल्या, आणि पुढे तोच त्यांचा रोजचा रस्ता झाला.

मोकळ्या झालेल्या जागेला पत्र्याचं कुंपण पडलं. कुंपणावर भला मोठा फलक लागला आणि फलकावर सिस्टरांचा फोटो. सुनावणीच्या दिवशी वर्तमानपत्रवाल्यानं काढलेला, डोळे भरून आलेले. 'तुमच्या आरोग्यासाठी' असं खाली लिहिलेलं. नर्सबाया थट्टेनं म्हणायच्या, "सिस्टर, आता सही द्यायची वेळ आली." सिस्टर हसायच्या आणि सलाईनच्या बाटल्यांकडे वळायच्या.

पण बांधकाम काही सुरू होईना. आधी आराखडा अडला, मग निधी. मोठ्या डॉक्टरांची बदली झाली. मग एक दिवस सिस्टरांचा फोटो उतरला आणि त्या जागी काचेच्या उंच इमारतीचं चित्र चढलं. दुकानं, कचेऱ्या, खाली गाड्या लावायला जागा. नवे डॉक्टर म्हणाले, "विभाग गावाबाहेर न्यायचं ठरतंय म्हणे. ही जागा आता खासगी कंपनीकडे गेली. आपल्या हातात काय आहे?" व्हरांड्यात अजूनही खाटा लागत होत्या. मेट्रनपद हवेतच राहिलं, आणि ते राहिल्याचं सिस्टरांना चक्क बरं वाटलं.

मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. फोनवर तिनं विचारलं, "मामींकडे जाऊन आलीस?"

"वेळच होत नाही गं."

"आई, वेळेचं मला सांगू नकोस. सरकारला गरज पडली तर जागा घ्यावी लागते, हे मी समजू शकते. पण दवाखान्यासाठी घेतली, तर दवाखानाच व्हायला हवा ना? आणि मामा सरकारला घाबरून गप्प नव्हते बसले. तू म्हणालीस म्हणून बसले."

पुढच्या सुट्टीला सिस्टर निघाल्या. जे आहे ते सांगून टाकायचं, मग मामांनी दारातून परत पाठवलं तरी चालेल, असं मनाशी घोकतच त्या बसमध्ये चढल्या.

गल्लीतल्या लोकांना शहराच्या पार टोकाला इमारतींमध्ये खोल्या दिल्या होत्या. मामा तिसऱ्या मजल्यावर. वर कोळशाची इस्त्री पेटवायला बंदी, आणि तीन जिने चढून कपडे घेऊन येणार कोण? मामी एका मोठ्या धुलाई कारखान्यात यंत्रापाशी उभ्यानं काम करायच्या. मामांच्या छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली होती. ते घरीच असायचे.

सिस्टरांना दारात पाहून मामा उठले, खुर्ची पुसली, आणि गॅलरीत जाऊन शेजाऱ्याला हाक मारून म्हणाले, "या, या, सांगत नव्हतो का? याच त्या आमच्या सिस्टर."

शेजारी येऊन नमस्कार करून गेला. तो गेल्यावर मामा म्हणाले, "इथे लोक रडतात हो. माझं घर गेलं, माझं दुकान गेलं. मी त्यांना म्हणतो, माझं गेलं नाही. मी दिलं. बायाबापड्यांच्या बाळंतपणाला दिलं. फरक आहे की नाही?"

मामा पुढे वाकले.

"आमच्या खोलीच्या जागेवर नेमकं काय आलंय? बाळंतिणींच्या खाटा ना?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, की मागे गेल्या नाहीत.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "खाटाच येणार आहेत."

"येणार आहेत? म्हणजे अजून नाहीत?"

"काम चालू आहे, मामा."

मामा मनापासून हसले. "सरकारी काम आणि सहा महिने थांब. होऊ दे. पहिलं मूल जन्माला आलं की मला कळवा. मी जिने उतरून येईन बघायला."

मामींनी दिलेलं पाणी सिस्टर प्यायल्या. त्यानंतर मामा मुलीबद्दल विचारत राहिले, ती काय खाते, कपड्यांना इस्त्री करते का तशीच चुरगळलेली जाते, आणि सिस्टर उत्तरं देत राहिल्या. जे सांगायला आल्या होत्या ते राहूनच गेलं. वर आणखी एक खोटं जमा झालं होतं. स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली.

निघताना मामी म्हणाल्या, "चला, तुम्हाला बसपर्यंत सोडते."

जिने उतरून दोघी रस्त्याला लागल्या. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. मामींनी पदरानं बाकावरची धूळ झटकली.

"मामी, मला तुम्हाला एक..."

"मी जाऊन पाहून आलेय, ताई," मामी म्हणाल्या. "मागेच. काचेच्या इमारतीचं चित्र लावलंय. तिथल्या पहारेकऱ्यानं मला कुंपणाजवळ उभंसुद्धा राहू दिलं नाही."

सिस्टर खाली बघत राहिल्या. "मग दवाखान्यात माझ्याकडे का नाही आलात?"

"पाय वळला नाही."

एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत मामी थांबल्या.

"ह्यांना काही सांगितलेलं नाही मी. तुम्हीही सांगू नका. त्या एका गोष्टीवर माणूस जगतोय."

"त्या दिवशी सुनावणीला मी..."

"माहीत आहे. गोदामाच्या आवारातून मीही येत-जात होते की. पाणी कुठलं? पायाला चिखल लागला नाही कधी." मामींच्या आवाजात राग नव्हता. कपड्याची घडी मोडली तर ती नुसती परत घालावी, तसं त्या बोलत होत्या. "मीच उठून बोलणार होते. पण म्हटलं, ताई आहेत, त्या सांगतील. चार माणसांत त्यांच्या शब्दाला किंमत आहे, आपलं कोण ऐकणार? म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत बसले."

सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्यांनी हात जोडले, तर मामींनी ते दोन्ही हात धरून खाली केले, कुणी बघेल म्हणून.

बस आली. मामींनी कंडक्टरला सांगितलं, "बाईंना नीट बसू दे रे, मग सोड."

सिस्टर खिडकीशी बसल्या. मामी रस्ता ओलांडून परत निघाल्या होत्या, एका हातानं कंबर धरून. वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मामा उभे होते. नुसता निरोप द्यायला त्यांनी धुतलेला सदरा अंगात घातला होता, आणि बस वळेपर्यंत ते हात वर करून उभे राहिले. सिस्टरांनीही हात वर केला. मान मात्र त्यांना वर करता आली नाही.