मंदाकिनी आणि मागांचा मजला

पितळी परातीतल्या पाण्यावरून उसळलेला आश्विनातला प्रकाश मंदाकिनीच्या कपाळावर थरथरत असे, आणि ती स्वतः समाधिस्थासारखी निश्चल असे. मालेगावात तिच्या वडिलांचे यंत्रमाग घराच्या वरच्या मजल्यावर होते. त्या मजल्यावर परात ठेवून ती पाण्यात उमटणारी वलये तासन् तास न्याहाळी. वीणा जुळवणारा जसा नादाच्या आतला नाद शोधतो, तशी तिची दृष्टी त्या लहरींत काही शोधत राही.

नाशकात अभियांत्रिकी शिकताना ती पंचवटीत आमच्या घरी राहिली. माझे संध्यावंदन चाले तेव्हा ती ओसरीवर यंत्रांच्या कंपनांचे गणित मांडी. मंत्र आणि समीकरणे एकाच उदबत्तीच्या धुरात विरघळत. ती म्हणे, "गुरुजी, प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक ठेका असतो. बाहेरचा ठेका त्याच्याशी जुळला, की तिला स्वतःला सावरता येत नाही." हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येई, इतके ते मला प्राचीन वाटे.

मालेगावच्या त्या जुन्या लाकडी तुळयांच्या मजल्यावर एरवी माग एकामागून एक जागे होत आणि त्यांचे ठोके परस्परांत विखरून जात. दसऱ्याला मात्र पूजा आटोपली, की सारे माग एकाच क्षणी सुरू करायचे, अशी त्या घराची प्रथा. त्या वर्षी मजल्याचा थरकाप वाढलेला जाणवला, म्हणून वडिलांनी, अण्णांनी, लेकीलाच कौल मागितला. चुलत्याला थट्टेची लहर आली.

"परातीत पाणी घेऊन बसली, म्हणे मजला तपासते! त्यापरीस पीठ मळ, चार भाकरी तरी होतील."

"गप रे! माझी पोर सांगल तेच खरं," अण्णा म्हणाले. "सांग माय, एकदम चालू करायचे का नाय?"

तिने सुट्टीभर मापे घेतली, मागांचे भार मांडले, पुन्हा पुन्हा पडताळले. मागांचा ठेका आणि मजल्याचा ठेका यांत अंतर होते. निरुंद, तरीही पुरेसे. समईच्या उजेडात तिचा चेहरा उजळला होता. "करा चालू, अण्णा. काही होत नाही."

विजयादशमीच्या पूजेसाठी मीही मालेगावी गेलो होतो. सकाळी झेंडूच्या माळांनी माग नववधूंसारखे सजले. आप्त, शेजारी, कारागीर, साऱ्यांनी वरचा मजला फुलून गेला. आरतीनंतर मी अंगणात उतरलो, आणि प्रसादाचे ताट घेऊन मंदाकिनी जिन्याशी आली. तेवढ्यात वर मागांचा एकमुखी घोष उठला. तिने मान वर केली. मध्यान्ही ग्रहण लागावे तसा तिच्या मुखावरचा वर्ण उतरत गेलेला मी पाहिला.

"अण्णा, माणसं! माणसं खाली उतरवा!"

तिने हिशेबात मागांचा भार धरला होता. दसऱ्याची माणसे धरली नव्हती. भार वाढला की मजल्याचा ठेका मंदावतो, आणि त्या आनंदी गर्दीने तो नेमका मागांच्या ठेक्यावर आणून ठेवला होता. तिचा आक्रोश त्या घोषात बुडाला. मग तुळया मोडल्याचा आवाज झाला, आणि झेंडूच्या पाकळ्यांवर धुळीचा मेघ बसला. इतर जखमी होऊन निघाले. मध्यभागी उभे असलेले अण्णा गेले.

"जुन्या तुळया व्हत्या, पोरी. तू काय करणार?" चुलता रडत म्हणत राहिला. तिने ते सांत्वन ऐकले, स्वीकारले नाही. शिक्षण पुरे केले, दूर देशी हाच विषय शिकवू लागली. तिच्या वागण्यात कडवटपणा आला नाही. हेमंतातल्या गोदेसारखी ती कृश आणि शांत होत गेली.

पुढे कित्येक वर्षांनी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा ती भेटीस आली. माझी पत्नी व्याकुळ होऊन म्हणाली, "सारं ठीक होईल ना गं? तू नुसतं हो म्हण." मंदाकिनीने माझ्या पायांवरचे पांघरूण सारखे केले, आणि ती बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली. परक्यानेही सहज दिला असता तो शब्द तिच्याने देववेना. मला तो मागावासा वाटला नाही. काळ गेलेल्यांची मुखे हळूहळू पुसट करत नेतो. परंतु ज्याच्या विश्वासावर कोणी गेले, तो शब्द उच्चारणाऱ्याच्या ओठांशी अखेरपर्यंत ताजाच राहतो.