वळणावरची पिवळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. हसू नका! रेघेला कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. वहीत मारली, खोडरबरानं पुसली, संपलं. पण मी वहीतली नव्हे. देऊळघाट सोडून धाडकडे निघालात की एक चढ लागतो आणि चढावरच रस्ता उजवीकडे वळतो. वळणाच्या आतल्या अंगाला मुरमाची टेकडी आहे, त्यामुळे पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे रस्त्याच्या मधोमध पडलेली ती पिवळी मी. शेजारी वीतभर अंतरावर माझी जुळी बहीण. अशी पिवळी जोडी दिसली की समजायचं, आपली बाजू सोडायची नाही आणि पुढच्या गाडीला मागे टाकायची घाई तर मुळीच करायची नाही.

सपाट, सरळ रस्त्यावर आमची थोरली असते. ती पांढरी आणि तुटक तुटक. ती जरा मोकळ्या मनाची आहे. समोर लांबवर कुणी नसेल, मागून कुणी येत नसेल, तर म्हणते, जा बाबा, इशारा दे, उजवीकडून पुढे हो आणि लगेच आपल्या डाव्या बाजूला परत ये. मी तसली नाही. मी नाही म्हणजे नाही!

माझा जन्म चैत्रातल्या उन्हात झाला. आधी माणसांनी चुन्याची दोरी ताणून खूण केली. मग एका गाड्यावरच्या भट्टीत रटरटणारा रंग माझ्या अंगात ओतला आणि मी ओली असतानाच वरून काचेचे बारीक मणी भुरभुरले. रात्री दिव्यांच्या उजेडात मी चमकते ती त्या मण्यांमुळे. गाडा ढकलणारा एक मजूर घाम पुसत म्हणाला, "एवढ्याशा रंगाले कोन भिऊन राह्यलं, मुकादम?"

मुकादम म्हणाला, "भ्यायचं नाही रे, मानायचं."

तेव्हा मला त्याचं बोलणं कळलं नाही. कळलं ते पहिल्या दिवशी गाड्या सुरू झाल्यावर. बापरे, काय ते दृश्य! एकीकडून माणसांनी खचाखच भरलेली एस.टी., दुसरीकडून कापसानं फुगलेला ट्रक. दोघंही भरधाव, आणि दोघांच्या मध्ये कोण, तर मी! ना माझ्यात वीट, ना लोखंड. पायानं खरवडलं तर निघेन अशी मी. तरी ती दोन धुडं माझ्या दोन्ही अंगांनी सुखरूप निघून गेली. आतली माणसं डुलक्या घेत होती, शेंगा खात होती. ते दोन ड्रायव्हर एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. पण हा आपल्या बाजूनं जाईल, असा याचा त्याच्यावर भरवसा होता आणि त्याचा याच्यावर. इतकी वर्षं झाली, माझं आश्चर्य काही सरत नाही. माणसं एकमेकांवर एवढा विश्वास टाकतात, आणि तो जपायला मला सांगतात!

सुरुवातीला माझं कौतुकही झालं. लोक म्हणायचे, आता कसा रस्ता रस्त्यासारखा दिसून राह्यला. पुढे सवय झाली. माझ्यावर चिखलाची चाकं फिरली, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या पडल्या, मणी झिजले. आणि सुगीच्या दिवसांत तर माझी पार दैनाच व्हायची. डांबर तापतं, धान्य झकास वाळतं, म्हणून लोक रस्त्यावरच सोयाबीन पसरायचे. गाड्यांनी उडवू नये म्हणून कडेनं दगड मांडायचे. अर्धा रस्ता असा अडला की गाड्या मला ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

वळणाशेजारी सहदेवचं शेत आहे. माणूस कष्टाळू, जिवाला जीव देणारा. त्याची लेक मनाली. शाळेला जाताना ती एस.टी.त उजवीकडच्या खिडकीशी बसायची आणि नाक काचेला लावून माझ्याकडे टक लावून बघायची. पोरीला गाडीचं भारी वेड. आधी बापाचा ट्रॅक्टर शिकली, मग एस.टी.च्या भरतीत उतरली, प्रशिक्षण घेतलं आणि खाकी कपडे चढवून चक्क बसची ड्रायव्हर झाली! आपल्या गावाच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बस घेऊन येणार होती तो दिवस मी कधी विसरणार नाही. तिची आई जनकाबाई झेंडूची माळ घेऊन सकाळपासूनच वळणापुढच्या गावच्या थांब्यावर जाऊन बसली होती.

सहदेवही जाणार होता. पण आदल्या दिवशी अवकाळी सरीनं अंगणात चिखल झालेला आणि सोयाबीन ओलं. ते वाळायला टाकू आणि बस यायच्या वेळी थांब्यावर जाऊ, असा त्याचा बेत. त्यानं बुलढाणा-देऊळघाटाकडून येणारी डावी बाजू वळणापर्यंत सोयाबीननं भरून टाकली, कडेला दगड लावले आणि दाणे वरखाली करायचं उलथणं हातात घेऊन उन्हात फिरत राहिला. मित्रांनो, लेकीच्याच वाटेवर आपण दगड मांडून राह्यलो, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं!

बस आली. चढ चढली आणि सोयाबीनपाशी थांबली.

सहदेवची छाती अभिमानानं भरून आली. त्यानं हसत हात हलवला. "काढ न बाई उजवीकून! सकाळपासून सारेच काढून राह्यले."

मनालीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नाही बाबा. वळणापलीकडचं मले दिसून नाही राह्यलं. इथं रेघ ओलांडता येत नाही."

बसमध्ये गलका उठला. धाडचा बाजाराचा दिवस होता. एक आजीबाई म्हणाल्या, "अवं माय, बजार उठून जाईन ना!" मागून एक जण खिदळला, "म्हनलं नव्हतं? बाईच्या हाती गाडी देली की असंच होते!" आणखी कुणी सुचवलं, कंडक्टरबाईंना वळणावर उभं करा, त्या हात दाखवतील.

मनालीचा चेहरा लाल झाला होता. पहिलाच दिवस, गावाच्या तोंडाशी, बापासमोर हसं होत होतं. उशीर झाला तर आगारात बोलणी तिनंच खायची होती. तिनं हॉर्न दाबून गाडी उजवीकडून काढली असती तर क्षणात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. माझा जीव टांगणीला लागला. मी रंगाची रेघ, मला तिला अडवता थोडंच येतं!

ती शांतपणे म्हणाली, "भरल्या ट्रकले उतारावर हात दाखवला तर तो जागच्या जागी थांबन का, दादा? नाही थांबत. मी इथून नाही हलत." मग बापाकडे वळली. "बाबा, उचला हे."

सहदेवचा चेहरा उतरला. चार लोकांत लेकीनं सांगावं? तरी तो पुढे आला. मग खाली मान घालून दगड उचलू लागला. मनाली हातब्रेक ओढून, चाकाला दगड लावून खाली उतरली. कंडक्टर छायाताई बसच्या मागे जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवू लागल्या. आणि काय सांगू, त्या बाजाराची घाई असलेल्या आजीबाईच सगळ्यांत आधी उतरल्या! पदर खोचून पसा भरू लागल्या. त्यांच्यामागं अख्खी बस उतरली. दुपट्टे, पिशव्या, टोप्या, मिळेल त्यात सोयाबीन भरून लोक बांधावर नेऊ लागले. तो खिदळणारासुद्धा आला, गुपचूप.

मनाली ओरडून सांगत होती, "पिवळ्या रेघेच्या पलीकडं कोणी पाय टाकू नका हो!"

आणि वळणाआडून ट्रक आला.

मक्याच्या पोत्यांनी गच्च भरलेला, उताराच्या वेगात. त्याची काही चूक नव्हती. तो त्याच्या डाव्या, हक्काच्या बाजूनं चालला होता. माझ्या पलीकडच्या अंगानं तो धडधडत गेला. वाऱ्यानं आजीबाईंचा पदर उडाला, सोयाबीनचा भुसा सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. ट्रकवाल्यानं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्याला काही कळलंच नव्हतं.

सारे त्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिले, जिथे थोड्याच वेळापूर्वी ते स्वतःच बस घालायला सांगत होते.

सहदेव माझ्याशेजारी मटकन खाली बसला. त्याचा हात माझ्यावर टेकला. "मनू," तो म्हणाला, "म्याच तुले म्हनलं होतं, काढ म्हनून."

"जाऊ द्या बाबा," मनाली म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "उठा. आई माळ घेऊन वाट पाहून राह्यली असन."

बस सुटली तेव्हा एकानंही उशिराबद्दल कुरकुर केली नाही. थांब्यावर जनकाबाईंनी लेकीच्या गळ्यात माळ घातली, तेव्हा टाळ्या सगळ्यांत जोरात त्या खिदळणाऱ्यानंच वाजवल्या, असं नंतर सहदेवच लोकांना सांगायचा.

आता त्याचं सोयाबीन अंगणात ताडपत्रीवर वाळतं. इथे कुणी धान्य पसरायला आलं की तो कामधाम सोडून धावत येतो, हात जोडतो. मीही आता पुसट झाले आहे. मला पुन्हा रंग मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी दिसेन तेवढी दिसेन, तुम्ही मात्र मला पाहत जा. आपली डावी बाजू धरा. पुढचं स्वच्छ दिसत नसेल तर कुणाच्याही पुढे जाऊ नका, मागच्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी.

मित्रांनो, माझ्यात अडवायची ताकद नाही. मी नुसती सांगू शकते. वळणापलीकडून कुणाची तरी मनाली तुमच्या भरवशावर येत असते, आणि तिला तुमचं नावही ठाऊक नसतं.