पुंजारामदाजींची दोन रकान्यांची ढोलकी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नाक मुरडू नका! आज धर्मराजच्या माळ्यावर धूळ खातोय खरा, पण एके काळी जालना शहरात, नवीन जालना भागात माझा थाट होता. धर्मराजचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. परदेशातून मला आणणाऱ्या इंजिनिअरनं बदली होताना मला त्याच्या स्वाधीन केलं. टीव्हीला जोडलं की मी गाऊ लागायचो.

गाणं लिहायला माझ्याकडं ट्रॅकर नावाचे दोन प्रोग्राम होते. ट्रॅकर म्हणजे उभ्या रकान्यांची वही समजा. एका रकान्यात एक वाद्य. ओळी वर सरकतात तसा आवाज निघतो. एकात चार रकाने, दुसऱ्यात आठ. धर्मराजला आठांचं भारी कौतुक. मला मात्र धाप लागायची आणि सगळे आवाज घसा बसल्यासारखे यायचे. पण आमचं ऐकतो कोण?

१९९३ साली राजूरहून त्याचे दाजी पुंजाराम आले, सोबत त्याची थोरली बहीण नंदाअक्का. दाजी भजनी मंडळाचे ढोलकीवाले. कडबाकुट्टीच्या मशीननं त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं नेली, तेव्हापासून दोन वर्षं भजन सुरू झालं की ते उठून शेतात जायचे. अक्कांनी भावाला एवढंच सांगितलं, की ह्यांना पुन्हा भजनात बसव.

धर्मराजनं माझ्याकडून ढोलकी वाजवून घ्यायचं ठरवलं आणि हौसेनं आठही रकाने भरले. दाजींनी मान हलवली. "बराबर हाये. पण माझी न्हाई."

त्यांचा हात समेच्या आधी किंचित रेंगाळायचा आणि मी पडलो शाळेच्या घंटेसारखा वक्तशीर! मग धर्मराजनं चार रकान्यांचा ट्रॅकर लावला. त्यात आवाज मोकळा होता आणि ठोका केसभर उशिरा आणता यायचा. पण चार रकान्यांत भागेल का, ही त्याला काळजी.

"मला दोन बास," दाजी म्हणाले. "हात दोनच होते माझे."

माइकसमोर त्यांचीच ढोलकी ठेवली. उजव्या हाताची थाप त्यांनी दिली. डाव्या बाजूची घुमणारी थाप कोण देणार? दाजींनी अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी जन्मात ढोलकीला हात लावला नव्हता. पहिल्या थापा भाकरी थापल्यासारख्या निघाल्या. दाजी आधी चिडले, मग हसले. दोन वर्षांत ते पहिल्यांदा हसत होते, असं अक्का नंतर म्हणाल्या. अकरावी थाप जमली. दाजींच्या थापेसोबत ती मी फ्लॉपीवर सांभाळून ठेवली. पुढं चार दिवस दाजी एका बोटानं रकान्यांत एकेक ठोका लिहीत बसले.

चतुर्थीला गणपतीपुढच्या भजनासाठी मला जीपमधून राजूरला नेलं. मुख्य गायक कचरूबुवा मला बघून कुरकुरले, की डबड्याच्या तालावर देव डोलायचा न्हाई. दाजींनी बटण दाबलं. पहिली सम आली, आणि जुन्या सवयीनं बुवांची मान वळली. खरं सांगतो, माझ्याकडं नाही, ती दाजींकडं वळली. मला रडता आलं असतं तर तिथंच रडलो असतो.

भजन संपल्यावर बुवांनी विचारलं, "पुंजाराम, डाव्या हाताला हे वजन कुठून आणलं?"

"डावा हात नंदाचा हाये," दाजी सगळ्यांदेखत म्हणाले.

मागं बायकांत बसलेल्या अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

सहा वर्षं दर चतुर्थीला मी वाजलो. मग माझा टीव्ही बिघडला, घरात नवे संगणक आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दाजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची फ्लॉपी अजून माझ्या तोंडातच आहे, पण तिला बुरशी लागतेय. गल्लीत भंगारवाला ओरडला की माळ्याकडं कुणाची पावलं येतात का, ते मी ऐकत राहतो.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा ती चालू करून बघा. आणि धर्मराज भेटला तर सांगा, की मला खाली उतरव आणि अक्कांना राजूरहून बोलावून घे. दाजींचे आणि अक्कांचे हात अजून शेजारच्या रकान्यांत आहेत. उशीर झालाय, पण दाजींना ठोका जरा उशिराच आलेला आवडायचा.